कोपऱ्यावर थांबायचं तिकीट

पारामारिबो, ३ मे

प्रिय एसेलीनमावशीस,

हेस्दीचे दोन्ही गालांवर पापे, आणि थोरल्यांना द्यायचा तो मान वेगळा. गुडघा कसा आहे? कोरोनीचं खोबरेल चोळतेस ना? इकडे सगळे खुशाल आहेत, एक मी सोडून, आणि त्याला कारण तू.

गुलामी संपल्याच्या एक जुलैसाठी टपालाचं तिकीट काढायचं काम मला मिळालं, हे तुला ठाऊकच आहे. (माझ्याआधीच्या दहाही चित्रकारांनी तुटलेली साखळी काढली होती, आता साखळी दिसली की समितीला जांभया येतात.) म्हणून गेल्या महिन्यात तू आलीस तेव्हा तुला डोक्याला आंगिसा बांधून आमच्या खिडकीत बसवलं. स्वातंत्र्याला शोभेल अशी घडी घाल म्हटलं. तू तो खळ घातलेला रुमाल चार टाचण्यांत उभा केलास आणि तासभर गालातल्या गालात हसत बसलीस. मी बापड्याने टोकं, चुण्या, टाचण्या सगळं इमानेइतबारे उतरवलं. पुरुषाच्या जातीला घडी वाचता येत नाही, हे तुला पक्कं माहीत होतं!

काल चित्र समितीपुढे ठेवलं. सगळे साहेब माना डोलावत होते. तेवढ्यात समितीतल्या ऐंशीच्या मेर्लीनबाईंनी चष्मा लावला आणि पाणी मागवावं लागेपर्यंत त्या हसल्या. "अरे गाढवा, ही कसलं स्वातंत्र्य साजरं करतेय? ही घडी म्हणजे 'कोपऱ्यावर थांब, आलेच मी'!"

काम गेलंच म्हणून चित्र गुंडाळायला घेतलं, तर बाई म्हणाल्या, "ठेव ते खाली. मालकापुढे तोंड उघडायची सोय नव्हती, तेव्हा आपल्या बायका या घड्यांनीच बोलल्या. आणि कुणाला न विचारता कोपऱ्यावर जाता येणं, याहून मोठं स्वातंत्र्य कुठलं रे?" साहेबांनी पुन्हा माना डोलावल्या. मला मात्र, खरं सांगतो, रडू आलं. चित्र मंजूर झालं.

तुझा,
हेस्दी

ता. क. : सोबत संमतीचा कागद आहे. सोमवारपर्यंत तुझी सही आली नाही तर समिती साखळीवाल्यांपैकी कुणालातरी बोलावणार. घडी मुद्दाम घातलीस की चुकून, ते मी विचारत नाही.

दुसरा ता. क. : मी नाही, पण दुसरं कुणीतरी विचारतंय. मेर्लीनबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. आज सकाळी समोरच्या दुकानातले घड्याळजी लिव्हेल्ड (अजून एकटेच आहेत) इस्त्रीचा सदरा घालून आले. म्हणाले, "मावशीला एवढंच विचार. चाळीस वर्षांपूर्वीही मला तिची हीच घडी कळली होती. कोपरा कुठला, ते कळलं नव्हतं."