आईच्या पायाखालचा पत्रा

बाबा, तुमची जीप परत चालू झाली आणि तिच्यातला आईच्या पायाखालचा पत्रा मी बदलला. मी म्हणजे मीच. माणूस लावला नाही, गॅरेजात टाकली नाही, वाशीमच्या घराच्या अंगणात जॅकवर उचलून स्वतः वेल्डिंग केलं. ऑफिसात सांगितलं तर लोक म्हणतात, "मॅडम, हे काय नवीन?" आणि फाईल पुढे सरकवतात. यातलं ज्याला कळलं असतं तो माणूस एकच होता, आणि त्याला जाऊन सोळा वर्षं झाली. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

झालं असं की धनजला मामाच्या नातीचं लग्न निघालं आणि आई अडून बसली. "मले त्याच गाडीत जायचं हाये. तुह्या बापानं मले दर साली माहेरी नेलं, तं याच गाडीत नेलं." गाडी आठ वर्षं शेडमध्ये उभी. इंजिन सुरू करून घेतलं, पण आईच्या बाजूचा तळ इतका सडलेला होता की पायपुसणं उचललं की खालची जमीन दिसायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, आणि तिचे पाय जिथं टेकणार नेमकं तिथंच भोक. एका वेल्डिंगवाल्याला दाखवलं, तर तो म्हणाला, "वरून एक पत्रा ठोकून देतो, पुट्टी मारतो, कोनाले दिसते?" माझं डोकंच फिरलं. तुमच्या कारंज्याच्या दुकानात एकच कायदा होता. रंग लावायच्या आधी गिऱ्हाइकाला काम खालून दाखवायचं. ट्रॉली असली तर त्याला धोतरासकट खाली झोपायला लावायचे तुम्ही. "वरून तं समदंच चांगलं दिसते," म्हणायचे. मी त्या माणसाला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तुमचं ते तेलाचं जुनं वेल्डिंग मशीन अजून आहे. त्याच्या अंगावर तुम्ही कुठल्या कामाला किती करंट, याच्या पांढऱ्या रंगानं केलेल्या खुणाही आहेत: ट्रॉली, फाटक, खिडकी. पत्र्याची खूण नव्हती. मी विचार केला, खिडकीच सगळ्यात हलकी, तिथंच लावू. इथंच चुकलं. वेल्डरची पोरगी ना मी, मला कुणाला विचारायची काय गरज? रॉड टेकवला आणि पत्र्याला रुपयाएवढं भोक पडलं. ते बुजवायला गेले तर वाटीएवढं झालं. अर्ध्या तासात तळाची चाळणी करून ठेवली. शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "तुमी मशीन लावली का आमचा पंखा मरगयते." मी तिथंच उकिडवी बसले. लाज वाटली, खोटं कशाला सांगू. तुमचं बोलणंही आठवलं. मी शाळेत असताना कोठीच्या झाकणावर रॉड धरून बसले होते, तेव्हा तुम्ही हातातून होल्डर काढून घेतला होता. "अवं, पत्रा हाये तो, नांगर नाही. इतका कायले तापवून राह्यली?"

मग दुसऱ्या बाजूचा, म्हणजे तुम्ही बसायचे तिकडचा रंग खरवडला, पाहावं म्हटलं तिकडे किती सडलं आहे. तिथं तुमचं जुनं काम निघालं. हातभर लांब ठिगळ, बारीक लहरी, एका सरळ रेषेत. ते रॉडचं नव्हतंच, गॅसचं होतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पत्र्याची खूण त्या मशीनवर नव्हती, कारण पत्र्याला तुम्ही ते मशीन कधी लावलंच नाही. मी मात्र, दुसरं मशीन घेतलं तर बापाचं टाकलं असं होईल, म्हणून उगाच त्याला कवटाळून बसले होते. "कामाले मशीन पायजे, मशीनीले काम नाही" हे वाक्य लहानपणापासून ऐकत आले, आणि अर्थ कळायला पन्नाशी जवळ यावी लागली.

मग मी रीतसर विचार केला. तुमच्यासारखं गॅस घरी आणायचं तर दोन सिलिंडर अंगणात, शेजारी लहान लेकरं, शिवाय गॅसची धग लांबपर्यंत पसरते आणि पातळ पत्रा पापडासारखा वाकतो. तो वाकू नये याला तुमचा हात लागतो, माझा नाही. टिग म्हणून एक आहे, फार देखणं काम करतं, पण ते सावकाशीचं आणि पत्रा आरशासारखा स्वच्छ मागतं. माझा पत्रा वीस पावसाळे खाल्लेला. बिनगॅसची वायर मिळते, वाऱ्यातही चालते, पण तिचे ठिणग्या-शिंतोडे फार आणि पातळ पत्र्याला तीही तापटच. राहिलं सीओटू मशीन. बारीक वायर आपोआप पुढे येते, सोबत गॅस येतो, एका हातानं चालतं, घरच्या लायनीवर चालतं, आणि मुख्य म्हणजे एक टाका मारून थांबता येतं. अकोल्याला दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मिस्तरी कोन हाये? त्यालेच पाठवा ना." मी म्हटलं, "मिस्तरी तुमच्यासमोर उभा हाये. भंगाराचा पत्रा आना, मशीन चालवून पाह्यतो." दोन तुकडे जोडले, उलटे केले आणि त्याला खालची बाजू दाखवली. त्यानं मशीन गाडीपर्यंत स्वतः उचलून आणलं.

मिस्तरी कोण, या प्रश्नाचं आणि माझं जुनं भांडण आहे, बाबा. तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे. दहावीची परीक्षा झालेली, धनजच्या रस्त्यावरच्या एका शेतमालकाचं मोठं फाटक दुकानात होतं. वरचा भाग तुम्ही केला आणि खालचा मला करू दिला, पहिल्यांदाच. तीन दिवस लागले. मालक आला, तुमच्या कायद्याप्रमाणे वाकून पाहू लागला, आणि खालच्या भागावर बोट ठेवून म्हणाला, "हे मस्त जमलं. कोनं केलं?" मी हात पुसून पुढे आले. आणि तुम्ही म्हणालात, "म्याच केलं." दुकानाला लागूनच घर, कुडाच्या पलीकडे आई भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला. पुढच्या बाजाराला तुम्ही माझ्यासाठी वेल्डिंगची नवी काळी काच आणली, दप्तरावर ठेवली आणि म्हणालात, "डोये सांभाय." मला ती लाच वाटली. मी महिनाभर दुकानात पाय ठेवला नाही. पोरीनं केलं म्हटलं तर तो फाटक उचलणार नाही, ही तुमची भीती मला आज कळते. तेव्हा मात्र नुसता राग आला होता.

तर काम असं केलं. डिझेलची टाकी काढून लांब ठेवली, बॅटरीच्या वायरी सोडल्या, पाण्याची बादली भरली, सडलेलं सगळं चांगला पत्रा लागेपर्यंत कापून टाकलं. मग एक टाका इथं, दुसरा वीतभर लांब, तिसरा पलीकडच्या कोपऱ्यात. थांबायचं, हात लावण्याइतकं थंड होऊ द्यायचं, मग पुढचा. पाच रविवार गेले. आई ओसरीवर शेंगा फोडत बसायची. तिचं लक्ष नाही असं मला वाटायचं. तिसऱ्या रविवारी ती एकदम म्हणाली, "करंट जास्त झाला तुहा. फटफट वाजून राह्यलं." मी मशीन कमी केलं. "हां. आता फोडनीवानी वाजते. तुह्या बापाचं असंच वाजे." चाळीस वर्षं कुडामागे बसून ही बाई नुसती ऐकत होती, बाबा. तळाखालच्या आडव्या पट्टीचं लोखंड जाड होतं. तिथं मी तुमचंच मशीन लावलं, फाटकाच्या खुणेवर. तिथं ते वाघासारखं चाललं.

लग्नाच्या आधी गाडी ग्रीसिंगला नेली. खड्ड्यात उतरलेला मिस्तरी म्हातारा, कारंज्याकडचाच. खालून बॅटरी मारून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "हे तळाचं काम कोनाचं हाये? असं आता कोनी करत नाही." तीसेक वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहिली होती. आणि तोंडातून निघालं, "माह्या बाबाचं." का निघालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या दिवशी तुम्ही माझं काम आपलं म्हणून सांगितलं, आज मी माझं काम तुमचं म्हणून देऊन टाकलं, असंच काहीतरी असेल. पण आई बाकावर बसली होती. तिनं काठी आपटली. "खोटं बोलून राह्यली ते. तिचा बाप मरून सोया वर्सं झाले. हे माह्या पोरीनं केलं. आनं ते धनजच्या रस्त्याचं फाटक हाये ना, त्याचं खालचं बी तिनंच केलं होतं." म्हातारा खड्ड्यातून वर आला, माझ्याकडे पाहिलं, आणि हातातली बॅटरी मला देत म्हणाला, "मंग तुमीच दाखवा, कोठून कोठवर हाये." मी साडीचा पदर खोचला आणि खाली उतरले. इतका अभिमान मला नोकरी लागली तेव्हाही वाटला नव्हता.

धनजला जाताना आईनं दोन्ही पाय दाबून पत्रा पाहिला आणि वाटभर पाय उचलले नाहीत. हे पत्र कुठं टाकणार, जीपच्या हत्यारांच्या पेटीत राहील. एक मात्र कबूल करते. कारंजा सोडलं की ते फाटक लागतं. अजून उभं आहे, गंजलंय ते वरच्या भागात. मी तिथं गाडी हळू केली, तेव्हा आईनं विचारलं, "काय झालं व?" मी म्हटलं, गियर अडकते तिथं. गेल्या इतक्या वर्षांत त्या रस्त्यानं एसटीनं गेले तरी मी फाटकाच्या बाजूचीच खिडकी धरत आले. गियर काही अडकत नाही, बाबा.