वसंतेची खाज आणि चांगलं तेल

कुंभकोणम्, माघ, १९५४

तीर्थरूप गोमतीअक्कास,

धाकट्या जानकीरामाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा दमा आणि तंजावरच्या घरची विहीर ही तिन्ही ठीक असावीत, ही विठ्ठलचरणी प्रार्थना. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत आणि पुन्हा वांगं खातो आहोत. वांग्याचं वाचून चमकली असशील, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या वसंतेच्या अंगाला खाज सुटल्याचं तुला ठाऊकच आहे. कोपरांत, गुडघ्यांमागं, मानेवर लाल चट्टे, आणि पोर रक्त येईतो खाजवायची. (शाळेत तिला वेगळ्या बाकावर बसवलं, हे मात्र तुला कळवलं नव्हतं.) माझ्या पितळेच्या दुकानात तपेली घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तपेली न घेता एक पथ्य ठेवून जायचं. एकानं वांगं बंद करवलं, दुसऱ्यानं फणस, तिसऱ्यानं दही. वसंतेला एकटं वाटू नये म्हणून तिच्या आईनं, आपल्या अलमेलूनं, तेच पथ्य साऱ्या घराला लावलं, त्यामुळं खाज एकीला आणि उपास चौघांना! एवढं करून चट्टे वाढतच होते. ते वाढले की आपली आई पोरीला मांडीवर घेऊन जास्त मायेनं तिळाचं तेल चोळायची.

शेवटी अलमेलूनं तिला लेडी डॉक्टरकडं नेलं. त्या बाई स्पष्ट म्हणाल्या, "कशानं होतं ते मला आज सांगता येणार नाही. सगळं बंद करा. भात, मुगाचं वरण आणि तूप, एवढंच द्या. अंग निवळलं की एकेक पदार्थ परत आणा, आणि डोळे उघडे ठेवा."

अक्का, आपल्या अलमेलूनं डोळे कसे उघडे ठेवले म्हणून सांगू! नुसतं भात-वरण खाऊनही अंग निवळेना. मी हात टेकले. ती मात्र चुलीपुढं बसून विचार करत राहिली आणि एकदम म्हणाली, "पोटात जाणारं सगळं थांबवलं. अंगावरून जाणारं कुठं थांबवलंय?"

तिळाचं तेल! सारं गाव ज्याला नल्लेण्णै, म्हणजे 'चांगलं तेल' म्हणतं, त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे प्रत्यक्ष कुंभेश्वरावर चोरीचा आळ घेण्यासारखं! पण चोळणं थांबलं आणि चट्टे सुकू लागले. मग वांगं परत आलं, काही झालं नाही. दही आलं, फणस आला, काही नाही. मग एका सकाळी इडलीबरोबर चटणीची पूड आली, त्याच तेलात कालवलेली; अंगाला बाधणारं तेल पोटातही बाधेल हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. एका घासात पोरीचे ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. मी अंगणात नुसता गोल फिरत होतो. (धोतराचा सोगा धरून मला जटक्याच्या घोडागाडीत चढवलं तेही अलमेलूनंच.) डॉक्टरबाईंनी सुई टोचली, श्वास मोकळा झाला.

आईला हे कसं सांगायचं? तिनं मायेनं चोळलेलंच पोरीला बाधलं, हे ऐकून ती कोसळली असती. अलमेलूनं तेलाचा डबा आईच्या हाती दिला आणि म्हणाली, "हे तेल आजपासून देवघरातल्या समईचं. ते दुसरीकडं कुठं जाऊ न देणं तुमच्याकडं." आई थोडा वेळ रडली. आता ती शेजारणीच्या वाटीतलं सांबारसुद्धा हुंगून मगच उंबऱ्याच्या आत घेते!

आणि परवाचं ऐक. गोविंदपुरमला भजनाला गेलो होतो. पंगतीत चिंचेचा भात आला, त्याच तेलानं निथळणारा. वसंतेनं पानावर आडवा हात धरला. वाढणारे महालिंगमामा दुखावले. "प्रसादाला नाही म्हणतेस, बाळ?"

"नाही म्हणत नाही, मामा," ती म्हणाली. "विठोबानं खाल्लाय ना? त्याला खाज येत नाही. मला येते."

मी मदतीला उठणार, तर अलमेलूनं नजरेनंच मला खाली बसवलं. मामांनी भाताचं पातेलं खाली ठेवलं. मग आत जाऊन देवापुढची दोन केळी घेऊन आले आणि तिच्या पानावर स्वतः सोलून ठेवली. सात वर्षांची पोर, भोवती सगळे तोच भात ओरपत असताना, ताठ बसून केळं खात होती. अक्का, गाभाऱ्यापुढं मी पुष्कळदा हात जोडले आहेत, पण त्या दिवशी ते माझ्या नकळत पंगतीतच जोडले गेले.

सर्वांस यथायोग्य सांगावे.

तुझा,
जानकीराम

ता. क. चि. कामाक्षीच्या लग्नाला आम्ही येतोच आहोत. भाचीच्या लग्नात मामाची पोर कोपऱ्यात केळं खात बसू नये असं फार वाटतं. तेव्हा सारा स्वयंपाक शेंगदाण्याच्या तेलात करवता येईल का? वराकडच्यांना भाऊजी समजावतील. (मला जमणार नाही.)

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालण्याआधी अलमेलूनं वाचलं. म्हणाली, एवढं कौतुक लिहायला काय झालं होतं, मुद्द्याचं राहिलंच. आचारी कोण ठरलाय ते उलट टपाली कळव. ती लग्नाच्या आधीच येऊन त्याच्या चुलीशेजारी पाट मांडून बसणार आहे.