शिष्यवृत्तीचा दुसरा अर्ज

नांदेड, ९ जुलै २०२५

प्रिय भूषणदादास,
सप्रेम जयभीम. वि. वि. इकडे मी मजेत. मेसची भाजी पातळ, पण पोट भरतं.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा माझा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आलाय. गुणपत्रिकेवर आबांचं नाव सटवा, उत्पन्नाच्या दाखल्यावर सटवाजी. दोन्ही माणसं एकच, असं त्यांचं शपथपत्र लागतं. मूळ कागद हवा, म्हणून पोस्टानं पाठव. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. शिष्यवृत्ती हुकली तर मला घरी परतावं लागेल, पण मी घाबरलेली नाही. तीन मैत्रिणींचे अर्ज मीच भरलेत, माझा कसा अडेल?

आईआबांना सविनय जयभीम. माया आहे तशीच राहू दे.
तुझी आकांक्षा

कनेरगाव नाका, १६ जुलै

चि. आकांक्षास,
अनेक आशीर्वाद. शपथपत्र सोबत हाय.

आबा आधी अडूनच बसले. म्हणाले, जलमभर मी एकच माणूस हाय, आता कागदाला शंका काहून येऊन राहिली? आई म्हणाली, चला, मी साक्षीला येते, मी तर सटवाशीबी संसार केला अन् सटवाजीशीबी. आबा हसले अन् गाडीत बसले.

हिंगोलीला शपथपत्रासाठी बाकावर बसल्या बसल्या एक आठवलं, जे घरात कुणालाच ठाऊक न्हाई. चार वर्सांमागं अभ्यास झेपत न्हाई म्हणून मी बी.ए. सोडलं, असं सांगितलं होतं. ते खोटं. वर्गात शिष्यवृत्तीवाल्यांना उभं केलं, अन् मागून कुणीतरी ‘फुकटे’ म्हणालं. दुसऱ्या दिवसापासून मी गेलोच न्हाई. अर्जबी भरला न्हाई. तुला कुणी तसं बोललं तर मान खाली घालू नको.

आठवण ठेव, लिहीत जा.
तुझा दादा, बुद्धभूषण

नांदेड, २४ जुलै

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम. माझा अर्ज मंजुरीला गेला! आबांना सांग, दोन्ही सटवाजी पास झाले.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्या बोलणाऱ्याचा राग आला, आणि एकट्यानं सोसलंस म्हणून तुझाही. परवा इथंही शिष्यवृत्तीवाल्यांची यादी वाचली. मी उभी राहिले आणि वर्गालाच विचारलं, अजून कुणाचा अर्ज अडलाय का? सातजणी आल्या.

आमच्या बाईंना तुझ्याबद्दल विचारलं. शिक्षणात खंड पडल्याचं शपथपत्र दिलं की पुन्हा प्रवेश घेता येतो, शिष्यवृत्तीलाही अर्ज करता येतो, म्हणाल्या. हिंगोलीच्या कॉलेजात जागा आहेत. तू तुझ्या पंक्चरच्या दुकानाचं कारण पुढं करशील, म्हणून आधीच सांगते, वर्ग सकाळचे असतात.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी आकांक्षा

कनेरगाव नाका, ८ ऑगस्ट

चि. आकांक्षास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. मग आईआबांना सगळं खरं सांगितलं. आई रडली. आबा उठून बाहेर गेले. मला वाटलं, रागावले.

सकाळी दुकानावर गेलो, तर शटर उघडं. आबा टायर मांडीवर घेऊन बसलेले. माझ्याकडं न बघताच म्हणाले, दुपारपर्यंत दुकान माझं, तू कॉलेजात जा. त्यांना पंक्चर काढता येत न्हाई. गिऱ्हाईक ताटकळून राहिलेत, पण आबा काही हटत न्हाईत.

पहिल्या वर्षाला प्रवेश झाला. शिष्यवृत्तीचा अर्ज काल मीच भरला, कुणाला न विचारता. वर्गात सगळ्यांत थोराड मीच हाय. पोरं मला सर समजून उठली, तवा मीबी हसलो.

आता पत्रात मला मोठेपणा देऊ नको, बरोबरीनं लिही.
तुझ्याच वर्षाचा,
बुद्धभूषण