सौ. मागे का राहते

ता. ३ डिसेंबर १९३६, बेळगाव
संध्याकाळी पिरनवाडीच्या रस्त्याने फिरणे. सौ. पुन्हा मागे. चढावर वाट पाहत उभा राहिलो. "पायात काटा गेलाय, चला तुम्ही." या रस्त्यावरचे काटे बरे हिलाच सापडतात. पेन्शन झाल्यापासून मी एक दिवस चुकवलेला नाही. तिला शिस्त नाहीच.

ता. ७
आज काटा नव्हता, तर शेंगा विकणाऱ्या बाईशी गप्पा. मी वर उभा. तेवढाच दम खाल्ला. थंडीने छाती भरते, काढा चालू. नवे पायताण आवळते. माप नीट दिले होते, तरी चुकवलेच.

ता. १२
सौ. अर्ध्या वाटेतच बसली. "दमले बाई." पन्नाशी उलटली तिची. हृदयाचे काही असेल तर? भीती वाटली. तिच्याशिवाय मला या घरात स्वतःचा पंचा सापडत नाही. उद्या डॉ.कडे नेणार. म्हणते, "मला काय व्हायलंय?" आजारी माणूस असेच म्हणते.

ता. १३
डॉ. माझा जुना विद्यार्थी. तिला तपासून म्हणाला, "काकूंची छाती ठणठणीत आहे. मास्तर, आता तुम्ही झोपा बघू." मी हसलो. नळी बराच वेळ माझ्या छातीवर. मग घोट्यावर बोट दाबले; खळगा तसाच राहिला. हृदय थकले आहे म्हणाला. औषधाचे थेंब, मीठ बंद, चढ बंद. बरे कधी वाटेल, विचारले. तो थेंब कसे घ्यायचे तेच पुन्हा सांगत राहिला.

टांग्यात सौ.ला विचारले, मग तू मागे का राहायचीस?
"तुम्ही लई हळू चालायलासा. तुमच्या म्होरं जाऊ व्हय मी?"
"कधीपासून?"
"गणपतीपासनं."
काटे, शेंगा, दमणे, सगळे खोटे. रागवायचे होते. जमले नाही.

ता. १९
पायाची सूज आहे तशीच. आमटी अळणी. सौ.ही अळणीच जेवते, नको म्हटले तरी ऐकत नाही. सपाटीवर थोडे चालायची परवानगी. दहा पावलांत धाप. जन्मभर मुलांना कवायत शिकवली, आणि आता स्वतःचेच शरीर हुकूम ऐकत नाही. काय करावे, सुचत नाही.

ता. २४
आज हट्ट धरला, तू पुढे चाल, मला बघू दे.
"न्हाय बाई, लोक काय म्हणतील?"
रस्त्यावर कुणी नव्हते. शेवटी गेली. पदर खोचून, झपझप. इतकी वर्षे मागून येणारी तिची पावले ऐकली, तिला पाठमोरी चालताना कधी पाहिलेच नव्हते. केवढी भरभर चालते ही. बघता बघता वळणापाशी. मला एकदम एकटे वाटले. हाक मारली. आवाज निघाला नाही.
मैलाच्या दगडावर बसलो. ती चालतच होती.