चढावर दिलेला होकार

ती. आत्याला साष्टांग नमस्कार. (खरोखर वाकून केला. हल्ली वाकलं की पोटऱ्या रडतात, तरी केला.)

आधी एक चूक दुरुस्त करते. मागच्या पत्रात मी हा प्रदेश 'सपाट पठार' असल्याचं लिहिलं होतं. तो सपाट नाही. मी आले त्या सकाळी सगळ्या दऱ्या धुक्याने काठोकाठ भरल्या होत्या, आणि बसच्या खिडकीतून मी त्या धुक्यालाच जमीन समजले. ऊन वर आलं तसा माझ्या डोळ्यांदेखत अर्धा प्रदेश नाहीसा झाला. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहू नये, असं तूच मला स्वयंपाकघरात पाटावर बसवून शिकवलंस. मी पाहिलं होतं गं, तेच तर दुःख आहे. आणि मी इथे भूगोल शिकवते.

तुझे गुडघे कसे आहेत? इथे येऊ नकोस.

पठार पूर्वी सपाट असावं. मग नद्यांनी ते कलिंगडासारखं चिरलं आणि माणसं उरलेल्या फोडींवर राहिली. समोरच्या गावात कुणाच्या चादरी वाळताहेत ते इथून दिसतं, पण तिथे जायचं तर दुपारपर्यंत उतरायचं आणि संध्याकाळपर्यंत चढायचं. म्हणून कुणी जात नाही, ओरडतात. माझ्या घरमालकीण काकूंनी माझी सर्दी अंगणातून समोरच्या डोंगराला सांगितली. त्याने काढा सुचवला. ज्याला कुणी विचारलं नव्हतं अशा तिसऱ्या डोंगराने "बाईंचं लग्न झालंय का?" अशी चौकशी केली. पाऊस धो धो पडतो आणि सगळा खाली निघून जातो. उन्हाळ्यात हेच लोक टँकरची वाट बघतात. पण चढाबद्दल तक्रार नाही. "चढ? कुठाय चढ?" असं ते चढावरच उभं राहून विचारतात.

आता माझा घात कसा झाला ते ऐक. आमच्या शाळेची एक इमारत खाली, एक वर. मुख्याध्यापिका (सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात) इथेच जन्मलेल्या, छाती लोहाराच्या भात्यासारखी. शिक्षकांची मीटिंग त्या दोन इमारतींच्या मधल्या वाटेवर, चढता चढता घेतात. वेळ वाचतो म्हणे. विरोधही वाचतो, कारण विरोधाला श्वास लागतो. परवा त्या म्हणाल्या, "मुलींच्या वसतिगृहाचं पुढची तीन वर्षं तुम्हीच बघा. काही अडचण?" अडचण होती! नकाशा कार्यालयातली माझी जागा, जिच्यासाठी मी दोन परीक्षा दिल्या, तिचा होकार मला महिनाअखेर कळवायचाय. पण मी हवा गिळत होते, आणि हवा गिळताना मान हलते. "छान!" मोठ्या बाई म्हणाल्या. "नाहीतर शहरातल्या मुली काय आढेवेढे घेतात!" मागून गणिताचे सर कसेबसे म्हणाले, "अभिनंदन." ते सात वर्षांपूर्वी असेच ग्रंथपाल झाले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना उतारावर गाठायला गेले. उतारावर त्या धावतात. मला फक्त त्यांचा अंबाडा दिसला, आणि माझं सगळं लक्ष माझ्या पायांत. काकूंनी वसतिगृहात माझी गादीही पोचवलीय. आत्या, मी संपले.

तुझी,
भाची

ता. क. बाबांना सांगू नकोस. ते मोठ्या बाईंचंच बरोबर म्हणतील.

ता. क. दुसरा. खरं काम राहिलंच. 'मोठ्यांना उलटून नाही म्हणू नये' हेही तूच शिकवलंस, आणि ते अजून माझ्या घशात बसलंय. दम हे निम्मंच कारण, हे तुझ्यापाशी कबूल करते. तेवढं एक वाक्य मागे घेतल्याचं दोन ओळींत लिहून पाठव. इथे सपाट जागा एकच, प्रार्थनेचं मैदान. तिथे मोठ्या बाई उभ्या असतात आणि मला श्वास असतो. सगळ्या शाळेसमोर बोलावं लागेल, पण इलाज नाही. टपाल बुधवारी वर येतं. तुझं पत्र आलं तर बरं. नाही आलं तरी मी नाही म्हणणार आहे, गुरुवारी, अठरा तारखेला, प्रार्थना संपली की लगेच.