भूमिपुत्राचा दाखला

मा. चेअरमन बिट्रस साहेब,

'मा.' लिहिलंय ते सवयीनं. मान वगैरे काही नाही.

माझ्या लेकीचा, सोमतोचा, कॉलेजचा अर्ज तुमच्या भूमिपुत्राच्या दाखल्यावाचून अडलाय. काल सभेत "इथे सगळे फक्त नायजेरियन!" म्हणून घसा फोडलात आणि गळ्यातला हार न काढताच मला म्हणालात, "मास्तर, तुम्ही इग्बो जमातीचे. पोरीचा दाखला तुमच्या गावाहून आणा."

गावी मागच्याच महिन्यात जाऊन आलोय. काका म्हणाले, "बापाचं थडगं दाखव, दाखला घेऊन जा." आल्यागेल्याला देतात ते कोलाचं फळसुद्धा पुढे केलं नाही त्यांनी. आमच्यात माणूस कुठेही मरो, त्याला गावी नेऊन स्वतःच्या अंगणात पुरतात. माझा बाप हट्टी. चाळीस वर्षं तुमच्या गावच्या भिंती बांधल्या आणि मरताना म्हणाला, "मला इथेच पुरा. हेच माझं गाव." भावकीनं आम्हाला तेव्हाच तोडलं.

त्या दिवशी खड्ड्यात पहिली मूठ माती तुम्ही टाकलीत, साहेब. निवडणूक तोंडावर होती. चारचौघांत म्हणालात, "आजपासून म्हातारा आमचा झाला!" आणि मी मूर्ख, ते ऐकून रडलो.

हे पत्र काही मी टाकणार नाही. सोमवारी पुन्हा तुमच्या दाराशी बाकावर हसऱ्या तोंडानं बसायचंय. पण दाखला द्यायचाच नसेल, तर शिक्का मारून एवढं तरी लिहून द्या, की इथलं व्हायला आधी मरावं लागतं. म्हणजे पोरीला तसं सांगता येईल.

न्वाफोर गवंड्याचा मुलगा,
ओबिओरा मास्तर