दगडाबाईंचा मिक्सर आणि आमची दुपारची गस्त

भिंगार,
शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजनंतर

प्रिय कल्याणराव,

वालेकुम सलाम. (तुम्ही अजून सलाम केलेला नाही, पण भेटल्यावर नेहमी तुम्हीच आधी करता, म्हणून उत्तर लिहून ठेवलं.) वहिनींचा गुडघा कसा आहे? कांदा निघाला का? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. माझी साखर वाढली आहे आणि खुर्शीदचा आवाज. दोन्ही डॉक्टरांच्या आटोक्यात नाहीत. मोबाईल सोडून कागदावर का लिहितोय, ते पुढे कळेलच.

तर आमच्या गल्लीत महिन्याभरात, भर दुपारी, चार घरांतून गॅसच्या टाक्या गेल्या. पोलिसांनी रहिवाशांची बैठक बोलावली. साहेब म्हणाले, तुमच्यातूनच कुणीतरी पुढे या, गस्त घाला. पंखा जरा कमी करा म्हणावं म्हणून मी हात वर केला आणि पथकप्रमुख झालो. (आपण दोघं स्टोअर खात्यात होतो त्या तीस वर्षांत मला कुणी हेडक्लार्कसुद्धा केलं नाही, हे तुम्ही जाणताच.) पथकात निवृत्त अंगणवाडी सेविका मुक्ताबाई, परवेझ टेलर आणि मी, तिघांत मिळून एक शिट्टी. पहिल्या आठवड्यात मुक्ताबाईंनी स्वतःच्या जावयाकडे आधार कार्ड मागितलं. तेव्हापासून तो फोन करूनच येतो, आणि मुक्ताबाई हे पथकाचं यश मानतात.

नवव्या दिवशी आमच्याच गल्लीतल्या दगडाबाई दवाखान्यात गेलेल्या असताना त्यांच्या घरातून एक माणूस काखेत मिक्सर घेऊन बाहेर पडला आणि दाराला कुलूप लावू लागला. चोर कुलूप लावून जात नसतो, एवढं तरी मला सुचायला हवं होतं. पण शिट्टी तोंडात असली की डोक्याला हवा पुरत नाही. गल्ली जमली. परवेझने त्याची कॉलर धरली. मी फोटो काढून, ‘चोर पकडला’ असं लिहून, गल्लीच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासाने दगडाबाई रिक्षातून उतरल्या आणि आमची जी खरडपट्टी काढली ती इथे लिहिण्यासारखी नाही. तो माणूस सहादेव. बारा वर्षं त्यांचा मिक्सर दुरुस्त करतो. किल्ली त्यांनीच दिली होती. आम्ही माफी मागितली, चहा पाजला, फोटो खोडला. मला वाटलं, मिटलं.

आठवड्याने तो बाजारात दिसला. सायकलला टेकून बसला होता. अवजारांची पेटी उघडी, समोर काम काहीच नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाला, “चाचा, आठ दिस झाले, येकबी मिक्सर आला न्हाई. मला बघून लोकं दार लावून घेत्यात.”

कल्याणराव, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. खुर्शीदही ओरडली नाही (यावरून काय ते समजा). एवढंच म्हणाली, “ज्या तोंडानं चोर म्हणालात, त्याच तोंडानं दारोदार सांगून या.”

दुसऱ्या दिवसापासून सहादेवला बरोबर घेऊन मी दारं वाजवू लागलो. फोटो मी टाकला, चूक माझी, माणूस सच्चा आहे, काही बिघडलंय का? पहिल्या दोन दारांत काम मिळालं नाही. तिसऱ्या घरातून एक जुनी इस्त्री दुरुस्तीला मिळाली. असे आम्ही हिंडत असताना एका दुपारी निळ्या शर्टातला एक जण खांद्यावर टाकी घेऊन आला. रिकामी नेतोय म्हणाला. सहादेव माझ्या कानात म्हणाला, “चाचा, रिकामी म्हनतो, पर मानंच्या शिरा बघा त्याच्या.” शिरा टरारल्या होत्या. या वेळी मी शिट्टीला हात न लावता पोलिसांना फोन केला. टाकी भरलेली निघाली, आणि आधीच्या चारांपैकी दोन त्याच्याकडेच सापडल्या. (फोटो कुणीही काढला नाही.) आता सहादेव आमच्या पथकात आहे. त्यालाच प्रमुख करा म्हणून मुक्ताबाई मागे लागल्या आहेत, आणि माझी तर आनंदाने संमती आहे.

वहिनींना सलाम, नातवंडांना दुआ.

तुमचा,
हैदर

ता. क. सहादेवची लेक सविता तुमच्या सोनईतच दिली आहे. तो फोटो फिरत फिरत तिच्या सासऱ्यांपर्यंत पोचला. तेव्हापासून ते तिला माहेरी धाडत नाहीत. मी फोन करून खरं सांगितलं, तर मलाच त्याचा साथीदार समजून त्यांनी ठेवून दिला. गावात तुमचा शब्द चालतो. एकदा त्यांच्या घरी जाऊन सांगा. सांगताना मला मूर्ख म्हणालात तरी चालेल; वहिनींना बरोबर नेलंत तर त्या ते अधिक मनापासून म्हणतील.

आणखी ता. क. हे पत्र घेऊन आलेला माणूस सहादेवच आहे. फार संकोची आहे. तुम्ही वाचत असाल तोवर दाराबाहेरच उभा राहिला असेल. आधी त्याला आत बोलवा.